दोन्हीकडे फेज

मंडळी, क्रूझला जायचं ठरलं की आपलं पब्लिक तीन याद्या करतं. कपड्यांची, फोटोतल्या पोझची आणि तिकिटात फुकट काय काय खायला मिळणार त्याची. मी चौथीही केली होती. चार्जिंगची. फोन दोन (एक ऑफिसचा, तो जन्मठेपेसारखा सोबत असतोच), इअरबड्स, घड्याळ, कॅमेरा, आईचा फोन, बाबांचा फोन, पॉवर बँक आणि हेअर स्ट्रेटनर. हिंजवडीत सहा वर्षं काढलेल्या मुलीला दुसरं काय सुचणार? बॅटरी वीस टक्क्यांवर आली की माझं बीपी वाढतं.

तर ही यादी घेऊन मी आईबाबांबरोबर सिंगापूर, पेनांग, फुकेत अशा चार रात्रींच्या क्रूझवर गेले. त्यांच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि माझा बोनस आला होता. यादीत एकच वस्तू लिहायची राहिली. बाबांचं सीपॅप मशीन. राहिली म्हणजे घरी नाही राहिली, ते मशीन हँडबॅगेत व्यवस्थित होतं. पण माझ्या डोक्यात ते 'औषधं' या खात्यात होतं, 'चार्जिंग'च्या खात्यात नव्हतं.

ज्यांच्या घरी हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी सांगते. बाबांना स्लीप ॲप्निया आहे. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, मग शरीर दचकून पुन्हा श्वास घेतं. असं रात्रभर. मशीन काय करतं, तर नळीतून नाकावरच्या मास्कमध्ये हवेचा दाब सोडतं आणि रस्ता उघडा ठेवतं. मशीनला रात्रभर वीज लागते. नळी साधारण सहा फूट. म्हणजे सॉकेट उशीपासून फार लांब असून चालत नाही. हे गणित मला पुण्यात बसून करता आलं असतं. नाही केलं.

आता पिनांचं. या एका ट्रिपमध्ये चार जातींच्या पिना भेटतात. घरी आपल्या गोल तीन, सिंगापूरच्या हॉटेलात चौकोनी जाड तीन, आणि बोटीवर अमेरिकन चपट्या दोन अधिक युरोपियन गोल दोन. आपली गोल तीन पिनांची भानगड मूळची ब्रिटिशांचीच. त्यांनी १९४७ मध्ये स्वतःसाठी चौकोनी पिनांचा नवा प्लग आणला आणि जुना आपल्याकडे राहिला. 'जाता जाता एवढं तरी बदलून द्यायचं होतं,' असं बाबा म्हणतात. बाबा म्हणजे महावितरणमधून रिटायर झालेले ज्युनिअर इंजिनीअर. २००५ मध्ये बोर्डाच्या कंपन्या झाल्या, पण ते अजून 'आमचं एमएसईबी' असंच म्हणतात. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असतो. लग्नाच्या फोटोतही आहे म्हणे. (आई म्हणते, नाही. मी झूम करून पाहिलंय. आहे.)

बोटीवर दोन प्रकारची सॉकेट का, तर मोठी क्रूझ जहाजं बांधली जातात बहुतेक करून फिनलंड, इटली, फ्रान्स आणि जर्मनीत, आणि त्यातली पुष्कळशी चालतात ती अमेरिकन पाहुण्यांच्या जिवावर. म्हणून केबिनमधल्या टेबलाशी एक ११० व्होल्टचं अमेरिकन आणि एक २२० व्होल्टचं युरोपियन अशी जोडी बसवतात. नव्या जहाजांवर पलंगाशी यूएसबी वगैरे लाड असतात. आमचं जहाज त्या जमान्यातलं होतं, जेव्हा माणूस सुट्टीवर जाताना दाढीचं मशीन आणि फार तर कॅमेरा न्यायचा.

मी या सगळ्यावर जालीम उपाय काढला होता. एक युनिव्हर्सल ॲडॅप्टर आणि त्याच्यामागे चार सॉकेटचा, लाल दिव्याचा, लांब वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड. सर्ज प्रोटेक्शनवाला. हजारभर रुपयांचा माल. तो सिंगापूरच्या टर्मिनलवर स्कॅनरमधून गेला आणि पलीकडे एका सुहास्य मुलीने तो उचलून बाजूला ठेवला. पाठोपाठ आईची छोटी इलेक्ट्रिक केटल. आईने गवती चहा सुकवून पुडीत बांधून आणला होता. पुडी परत मिळाली, केटल नाही. दोन्ही वस्तूंना टॅग लावले, पावती दिली, उतरताना घेऊन जा म्हणाली. मी थोडी हुज्जत घातली. 'फायर' एवढं एकच उत्तर तिने तीनदा दिलं. मला वाटलं, झालं, आता आत गेल्यावर यांचाच बोर्ड आपल्याला भाड्याने देणार. बाबा मात्र गप्प होते. बोर्ड उलटा करून मागचं बारीक छापील वाचत होते, तेवढ्यात तिने तो नेला.

केबिन मस्त होती. गोल खिडकी, दोघांचा पलंग, टेबलाशेजारी माझ्यासाठी सोफा-कम-बेड. दाराशी कार्ड खोचलं की लाइट. सॉकेट मात्र दोनच, दोन्ही टेबलाशी. पलंग पार पलीकडे. बाथरूममध्ये एक तिसरं सॉकेट होतं, वर लिहिलेलं, फक्त शेव्हरसाठी. ते अक्षरशः तेवढ्यासाठीच असतं. आत छोटासा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो, त्याच्यावर दुसरं काही ओढायला गेलं तर ते मान टाकतं.

युरोपियन सॉकेट म्हणजे भिंतीत खोल गेलेली वाटी. आपल्या साध्या फोनच्या चार्जरच्या दोन गोल पिना त्यात ॲडॅप्टरशिवाय आरामात बसतात. हे मला तेव्हा माहीत असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण माझा चार्जर होता पाच तोंडांचा, ऑफिसात भाव खाणारा, आणि त्याला आपली तीन पिनांची जाड वायर. म्हणून तो ॲडॅप्टरवर. ॲडॅप्टर एकच. मी तो युरोपियन सॉकेटमध्ये कसाबसा कोंबला, पाचही तोंडं भरली आणि फ्रेश व्हायला गेले. बाहेर आले तर बाबा टेबलाखाली. ॲडॅप्टर काढून सॉकेटच्या भोकात टेस्टर.

'अहो, पकडतील तुम्हाला!' आई.

'थांब गं. याच्यात काहीतरी लोचा आहे. या भोकात लावला तरी लागतोय आणि त्या भोकात लावला तरी लागतोय. दोन्हीकडे फेज!'

मी म्हटलं, बाबा, सुट्टी आहे. त्यांनी ॲडॅप्टर जसा होता तसा परत बसवला.

मग लाइफ जॅकेटची ती सक्तीची ड्रिल, मग बोट सुटली, मग डेकवर डीजे. मशीनचं मी विचारलं नाही असं नाही. विचारलं. बाबा म्हणाले, 'आजची रात्र राहू दे, उद्या बघू. नळी पोचत नाही.' एक रात्र, म्हटलं, ठीके. आणि मी वर गेले. सिंगापूरचे दिवे मागे जात होते, समुद्रावर मालवाहू जहाजांची रांग लागलेली, कसला सही माहोल. तुम्ही गेला असतात की नाही?

रात्री एक वाजता परत आले. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. हात बाबांच्या छातीवर. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, 'काही नाही. थांबला की हलवते.'

मी शेजारी बसले. बाबा घोरत होते. मग घोरणं थांबलं. ऑफिसच्या कॉलवर दहा सेकंद कुणी बोललं नाही की आम्ही विचारतो, नेट गेलं का? मी मोजायला लागले. अठरा. मग एक मोठा हुंदक्यासारखा आवाज आणि श्वास. परत शांत. सव्वीस. परत. एकतीस. एकतीसला मीच त्यांना हलवलं.

आणि मग मला टेबल दिसलं. माझा सोफा रिकामा होता. सॉकेट त्याच्या उशाशी. बाबा नुसते सोफ्यावर झोपले असते, मशीन टेबलावर ठेवलं असतं, तर नळी पोचली असती. फक्त ॲडॅप्टरमधून माझा चार्जर काढायला हवा होता. पाच हिरवे दिवे लागले होते. सगळं शंभर टक्के झालेलं.

बाबांना उठवलं, चार्जर काढला, मशीन लावलं, त्यांना सोफ्यावर निजवलं. मास्क बांधता बांधता विचारलं, 'बाबा, तुम्ही काढला का नाही हो माझा चार्जर?'

'अगं, चार्जिंगला होतं ना ते.'

सकाळी रिसेप्शनवर मी भांडायच्या तयारीत गेले होते. तिथल्या बाईने शांतपणे विचारलं, मेडिकल मशीन आहे हे आधी कळवलं होतं का? म्हणजे तसा फॉर्म असतो. बुकिंगच्या वेळी भरायचा. बहुतेक क्रूझ कंपन्या सीपॅपसाठी स्वतःची मंजूर केलेली एक्स्टेन्शन वायर फुकट देतात आणि मशीनच्या टाकीसाठी डिस्टिल्ड वॉटरही. आमच्या एजंटने सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. तिने एक फोन केला. अर्ध्या तासात दारावर टकटक.

दारात बॉयलर सूट घातलेला, हातात काळ्या जाड वायरचं वेटोळं घेतलेला एक तरुण मुलगा. जहाजावरचा इलेक्ट्रिशियन. आमचं आपसातलं बोलणं ऐकून थबकला आणि म्हणाला, 'मराठी का तुम्ही?' रत्नागिरीजवळचा होता. (तुम्हाला योगायोग वाटेल. जहाजांवर कोकणातली आणि गोव्याची माणसं किती असतात ते एकदा जाऊन बघा.)

त्याने मशीनचं लेबल वाचलं, वायर लावली, पलंगाखालून नीट कडेकडेने नेली. जायला निघाला तर बाबांनी त्याला बसवलं.

'मला एक सांग. काल मी टेस्टर लावला. दोन्हीकडे फेज. हे कसं काय?'

मुलगा हसला. 'काका, टेस्टर घातलात? परत नका घालू हां. पण बरोबर पाहिलंत. आमच्या बोटीवर न्यूट्रल नाहीच.'

पुढचा अर्धा तास आमच्या केबिनमध्ये जे चाललं त्याला मी आणि आई प्रेक्षक होतो. मला कळलं ते असं. आपल्याकडे ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीत गाडलेला असतो. त्यामुळे फेज कुठे लोखंडाला लागला की करंट जमिनीत पळतो आणि फ्यूज उडतो किंवा ब्रेकर पडतो. लाइट जाते, पण माणूस वाचतो. जहाजात जमीन म्हणजे जहाजाचा लोखंडी सांगाडा. आणि पुष्कळ जहाजांवर विजेच्या दोन्ही तारा या सांगाड्याला मुद्दामच जोडत नाहीत. अधांतरी ठेवतात. दोन्ही तारांमध्ये दाब असतो, म्हणून टेस्टर दोन्हीकडे लागतो.

'मग एक तार बॉडीला लागली तर?' बाबा.

'तर काही होत नाही. म्हणजे लाइट जात नाही. खाली कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजतो. मग आम्ही शोधत फिरायचं, कुठला डेक, कुठली लाइन.'

'ट्रिपच नाही होत?'

'पहिल्या फॉल्टला नाही, काका. भर समुद्रात एका फॉल्टपायी दिवे, पंप, सुकाणू घालवून कसं चालेल?'

बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. पस्तीस वर्षं ग्रामीण भागात काढलेला माणूस. पावसाळ्यात एक फांदी पडली की अख्खा फीडर जायचा, आणि हे रात्री दोन वाजता रेनकोट घालून बाहेर. त्यांना कुणीतरी आज सांगत होतं की तार लोखंडाला टेकली तरी दिवे चालू राहतात.

'आणि तो बोर्ड का काढून घेतला आमचा?'

याचं उत्तर मला जन्मभर लक्षात राहील. सर्ज प्रोटेक्शनच्या बोर्डात छोट्या चकत्या असतात. दाब एकदम वाढला की त्या जादा वीज अर्थिंगकडे वळवतात. प्रत्येक तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये एक एक. घरी उत्तम. पण जहाजात कुठेतरी एक तार सांगाड्याला लागली की दुसऱ्या तारेचा सांगाड्याशी असलेला दाब वाढतो आणि वाढलेलाच राहतो. अलार्म वाजतोय, कुणी तरी फॉल्ट शोधतंय, आणि तोवर तुमच्या केबिनमधली ती चकती, जी क्षणभराच्या झटक्यासाठी बनवलीय, ती तास न् तास तापते. भोवती प्लास्टिक. शेजारी पडदा. अमेरिकन कोस्ट गार्डने २०१३ मध्ये जहाजांवरच्या अशाच बोर्डांबद्दल खास धोक्याची सूचना काढली होती.

'म्हणजे फ्यूज उडायच्या आधी पडदा पेटणार,' बाबा म्हणाले.

'बरोब्बर.'

आगीला ही मंडळी इतकी का घाबरतात तेही त्याने सांगितलं. जमिनीवर आग लागली की बाहेर पळता येतं. २००६ च्या मार्चमध्ये 'स्टार प्रिन्सेस' जहाजाच्या एका बाल्कनीत पेटलेली आग शेजारच्या केबिन गिळत गेली. कारण बहुधा न विझवलेलं सिगारेटचं थोटूक. आणि बोटीवर वीज जाणं म्हणजे काय, त्यासाठी 'कार्निव्हल ट्रायम्फ'. फेब्रुवारी २०१३, मेक्सिकोचं आखात. इंजिन रूममधली आग विझली, जीव कुणाचा गेला नाही, पण वीज गेली. चार हजारांवर माणसं. टगबोटींनी ओढत अलाबामाच्या मोबिल बंदरात आणेपर्यंत बहुतेक संडास बंद. म्हणजे केटल आणि इस्त्री काढून घेणारी ती सुहास्य मुलगी तीनदा 'फायर' म्हणत होती, ते तिला इंग्रजी कमी येत होतं म्हणून नव्हे.

जाता जाता त्याने बाबांना अजून एक गोष्ट सांगितली. बहुतेक मोठ्या क्रूझ जहाजांत डिझेल इंजिन थेट पंखा फिरवत नाही. ते वीज बनवतं, आणि त्या विजेवर मोटरी जहाजाचे पंखे फिरवतात. त्याच विजेवर एसी, त्याच विजेवर डीजे, त्याच विजेवर माझे इअरबड्स.

'म्हणजे आपण पॉवरहाऊसमध्येच झोपलोय की!' बाबा म्हणाले. त्यांच्यासाठी क्रूझ त्या क्षणी वसूल झाली. पेनांग, फुकेत सगळं बोनस.

उरलेल्या दिवसांत मी शहाणी झाले, ते पटापट सांगून टाकते. ॲडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही. म्हणून आधी चार्जरवरचं बारीक छापील वाचा. १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर कुठेही बिनधास्त लावा. फोन, लॅपटॉप, कॅमेरा, सीपॅप यांचं बहुधा तसंच असतं. माझ्या स्ट्रेटनरवर नुसतं २३० होतं. तो अमेरिकन सॉकेटला लावता आला असता, पण अर्ध्या व्होल्टेजला उष्णता पावपटच मिळते. केस सरळ होण्याऐवजी कोमट होतात. (उलटं करू नका. अमेरिकेतून आणलेला ११०वाला २२०ला लावलात तर केस आणि केबिन दोन्ही जातील.) लॅपटॉपची आणि सीपॅपची वायर विटेपासून सुटी होते ना? मग ॲडॅप्टर कशाला, युरोपियन पिनेची एक वायर घेऊन ठेवा. स्वस्तात मिळते आणि त्या खोल वाटीत नीट बसते. चार-पाच तोंडांचा यूएसबी चार्जर चालतो, सर्ज नको. साधे मल्टीप्लग आणि एक्स्टेन्शनही हल्ली काही कंपन्या चालवून घेत नाहीत, तेव्हा तिकीट काढल्यावर त्यांची बंदीची यादी वाचा. आणि घरात कुणाचं मशीन असेल तर फॉर्म. तो भराच. पलंगापासून सॉकेट किती लांब, हेही विचारा. लाज कसली?

दुसऱ्या रात्री मी डेकवर गेले नाही. असं काही ठरवलं नव्हतं, पण गेले नाही. सोफ्यावर पडून बाबांच्या मशीनचा आवाज ऐकत होते. अगदी बारीक, एकसारखा. खाली कुठेतरी इंजिनाचा मोठा घुमणारा आवाज, वर हा छोटा. आईला इतकी गाढ झोप लागली होती की ती स्वतःच घोरत होती. ऑफिसचा फोन रात्री केव्हातरी मेला. सकाळी कळलं.

उतरताना पावती दाखवून बोर्ड आणि केटल दोन्ही परत मिळाली. सिंगापूरच्या हॉटेलात आईने गवती चहा केला, तोही हॉटेलच्या केटलमध्ये, कारण तिच्या केटलची पिन तिथल्या चौकोनी भोकात जाईना आणि ॲडॅप्टरवर तेव्हा मशीन होतं.

पुण्यात परत आल्यावर पहिल्याच रविवारी बाबांनी हॉलमध्ये पेपर अंथरला आणि बोर्ड उघडला. आत खरंच तीन निळ्या चकत्या होत्या, कपाळावरच्या मोठ्या टिकलीएवढ्या. एक दोन तारांच्या मध्ये, दोन अर्थिंगकडे. त्यांनी फोटो काढला आणि रत्नागिरीच्या त्या मुलाला पाठवला. तो तेव्हा कुठल्या समुद्रात होता कोण जाणे, पण दोन तासांनी अंगठा आला. बाबा तो अंगठा मला, मग आईला, मग शेजारच्या काकांना दाखवून आले.

'झालं असेल तर स्क्रू लावा परत,' आई आतून म्हणाली. 'मला मिक्सर लावायचाय.'